फळ्या काढल्या तो आश्विन

आज सकाळपासून साकवावर ठोकाठोक चालली आहे. ओढ्यावर दोन माडांची खोडं आडवी टाकून त्यांवर फळ्या ठोकल्या की झाला आमचा साकव. पावसाळ्यात त्या फळ्या कुजतात, एखाद-दुसरी वाहून जाते, आणि दरवर्षी आश्विनात पाण्याचा जोर ओसरला की गावकरी नव्या फळ्या घालतात. हातोडीचा पहिला ठोका पडला की माझ्या सासूबाई माजघरातून विचारतात, "घालतायत ना गं फळ्या?" मी म्हणते, "घालतायत." मग थोड्या वेळानं पुन्हा हाक येते, "काढत नाहीत ना?" शेजारची नवी सून आज हे ऐकून तोंडाला पदर लावून हसली. तिला वाटलं, म्हातारपणाचा भ्रम. मी पुढ्यातली विळी बाजूला ठेवली आणि मागीलदारी जाऊन उभी राहिले.

खरं म्हणजे आश्विन मला फार आवडायचा. लग्न होऊन चौलच्या या बागायतीत आले ती ऐन पावसात, सगळीकडे चिखल आणि ओल्या लाकडांचा धूर, त्यामुळे जीव मेटाकुटीला आला होता. मग आश्विन आला आणि हे गाव मी पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं. पावसात गप्प बसलेले रहाट पुन्हा कुरकुरायला लागले. भाताच्या लोंब्यांत दूध भरलं, संध्याकाळी शेतावरून वारा आला की त्याला कच्च्या तांदळाचा वास यायचा. समुद्राचा गढूळपणा जाऊन तो निळा झाला, मांडव्याला मुंबईचे मचवे लागू लागले आणि घरोघरचे चाकरमाने दसऱ्याला यायची बोलणी सुरू झाली. आणि ओढा! श्रावणात लालभडक होऊन धावणारा हा ओढा आश्विनात इतका नितळ होतो की तळाचे गोटे मोजावेत. मी पाय सोडून बसायची आणि सासूबाई ओरडायच्या, "मास्तरांची बायको ना तू? गुराख्याची पोर वाटतेस!"

आश्विन म्हणजे आणखी एक गोष्ट होती. पारू.

साकवापलीकडे, खाडीच्या कडेला कोळीवाडा. तिथली विहीर मचूळ; त्या पाण्यानं डाळ शिजत नाही आणि तहानही भागत नाही. त्यामुळे कोळणी मासळीची पाटी घेऊन साकवावरून आमच्या गावात यायच्या, दारोदार मासळी देऊन तांदूळ घ्यायच्या, आणि परत जाताना आमच्या गोड्या विहिरीचं पाणी न्यायच्या. येताना पाटी, जाताना हंडा. रिकाम्या डोक्यानं साकव ओलांडायचा नाही अशी त्यांची रीतच होती. पाण्याचे पैसे कोणी मागत नसे. मात्र ज्याच्या विहिरीवर पोहरा टाकला त्याच्या घरी ओंजळभर मासळी आधी ठेवायची, भाव-बिव न करता. तिला पाण्याची मासळी म्हणत. आमच्याकडची पाण्याची मासळी पारू ठेवायची, आणि ओंजळ म्हणता म्हणता सूपभर कोळंबी ओतून मोकळी व्हायची.

पारू माझ्याच वयाची. काळी, उंच, बोलताना दोन्ही हात हवेत. डोक्यावर भरलेला तांब्याचा हंडा, खाली जुन्या लुगड्याची जाडजूड चुंबळ, कडेवर सोनी नावाची पोर, आणि तरीही बाईचे हात मोकळे! पोरीला एका हातानं सावरायची तीसुद्धा केवळ लोकलाजेस्तव. मी एकदा घाबरून म्हटलं, "अगं, हंडा तरी धर!"

"कशाला गो वैनीबाय?" ती म्हणाली. "हंडा मना वलखतं. मना सोडून जाईल कुठं?"

असं म्हणून ती साकवावर मुद्दाम ठुमकून चालली. थेंब सांडला नाही. दसऱ्याच्या बाजारात कासाराकडून सोनीला लाल बांगड्या घेऊन देईन असं मी त्याच दिवशी कबूल केलं होतं. पोर रोज आठवण करून द्यायची. मनगट माझ्यापुढे धरायची आणि नुसती बघत राहायची.

सात-आठ वर्षं झाली असतील त्याला. नवरात्राच्या आधी बातमी आली की डोंगरावरच्या वाडीत पटकी लागली. पटकी हा शब्द तेव्हा मोठ्यानं उच्चारत नसत. "वरच्यांकडे ते झालंय" एवढंच म्हणायचं. पण सगळ्यांचे चेहरे पडले. सकाळी चांगलं असलेलं माणूस जुलाब-उलट्यांनी दिवेलागणीला जातं अशी ती पटकी.

मग तालुक्याहून हुकूम आला. आमचे हे शाळामास्तर असल्यामुळे त्यांनीच तो चावडीवर वाचून दाखवला. बाजार बंद, जत्रा बंद, मचवे बंद. वरच्या वाडीच्या लोकांनी खाली उतरू नये. परगावच्या माणसानं गावात येऊ नये, विहिरीवर तर मुळीच येऊ नये. हुकूम चांगला होता, असं मला आजही वाटतं. माणसं वाचावीत म्हणूनच कोणीतरी तो लिहिला असणार. औषधवाला माणूस आला, त्यानं विहिरीत पुडी टाकली आणि पाणी कुंकू कालवल्यासारखं झालं. सासूबाईंनी पहिला हंडा तुळशीपुढे ओतून टाकला. "हे प्यायचं का देवीला वाहायचं?" म्हणाल्या. पण ह्यांनी हट्ट धरला आणि आम्ही ते प्यालो, नाक मुरडत का होईना.

हुकमाला गावानं आपलं एक कलम जोडलं. एका सकाळी ठोकाठोक ऐकू आली म्हणून मी बाहेर आले, तर माणसं साकवाच्या फळ्या काढत होती. नव्या घालायच्या दिवसांत असलेल्याही उचकटत होती. नुसती खोडं उरली. अलीकडे बाभळीच्या फांद्या टाकून दोघांना पहाऱ्यावर बसवलं. "आता चिटपाखरू यायचं नाही," पाटील म्हणाले, आणि खरं सांगते, ऐकून मला हायसं वाटलं.

त्यानंतरचे दिवस मोठे विचित्र होते. शाळा बंद, त्यामुळे मास्तर दिवसभर घरात. डाळीत मीठ किती घालावं इथपासून सगळ्याचा वर्ग भरायचा. पगार हातात होता पण खर्चायला जागा नव्हती. रेवदंड्याचा दसऱ्याचा बाजार भरला नाही. कासार आला नाही, तेली आला नाही. हुसेनशेटचा मचवा खाडीत नांगरून पडला, त्यामुळे आमचे नारळ मुंबईला गेले नाहीत आणि मुंबईच्या मनिऑर्डरी इकडे आल्या नाहीत. वाण्यानं गूळ आणि घासलेट आतल्या खोलीत हलवलं आणि भाव तोंडाला येईल तो सांगू लागला. तरीही ओसरीवर बसलेले पुरुष एकमेकांना सांगत होते की यंदा हातात बरंच शिल्लक राहणार. बायकांनाही मौज वाटली होती. नव्या लुगड्यावाचून दसरा होतो, बांगड्यांवाचून होतो, ताज्या मासळीऐवजी सुकटीवर चार दिवस निघतात. "उगाच खर्च करत होतो आपण इतके दिवस," असं मीसुद्धा म्हणाले. ज्याला आपण खर्च म्हणतो तो पलीकडच्या कोणाच्या तरी चुलीवरचा भात असतो, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

पारू पहिल्या दिवशीही आली होती. ठरल्या वेळी, पाटी घेऊन. फळ्या नसलेला साकव बघून ती पलीकडे तशीच उभी राहिली. मासळी आहे म्हणून तिनं ओरडून सांगितलं. पहारेकऱ्यांनी परत जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा पाटी नव्हती. नुसता हंडा होता, आणि कडेवर सोनी. मी आणि सासूबाई तेव्हा ओढ्याच्या अलीकडे परड्यात झेंडू तोडत होतो.

"मावशे," तिनं सासूबाईंना हाक मारली, "आमचे बावीचा पानी पिववत न्हाय गो. पोरीचा घसा सुकलाय. येक हंडा तरी द्या."

मी चटकन म्हटलं, "मी आणते. दोरीला बांधून खोडावरून सरकवू."

पहाऱ्यावरचा माणूस उठून उभा राहिला. "न्हाय वैनी. भांड्याला भांडं लागलं तर? ती कुठनं आली, कोनाकडं बसली, तुमाला काय म्हाईत?"

त्याचंही खोटं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं तेच तो बोलत होता. नेहमी हवेत असणारे पारूचे हात तेवढे खाली आले. पोर मात्र माझ्याकडे बघून मनगट पुढे करत होती.

सासूबाईंचा जीव कळवळला. माझ्या सासूबाई बोलायला फटकळ, पण दारी आलेल्याला त्यांनी कधी तहानलेलं पाठवलं नाही. त्या दोन पावलं पुढे झाल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगो वेडे, पाणी कसलं मागतेस? ओढा वाहतोय की तुझ्या पायाशी! वाहत्या पाण्याला विटाळ नाही नि दोष नाही. भर की हंडा!"

पारूनं खाली बघितलं आणि ती खळखळून हसली. "व्हय की गो! पायाशी पानी नं मी तुमचे तोंडाकडं बघतंय!"

आम्हीही हसलो. पहारेकरी हसला. इतकी सोपी गोष्ट कोणालाच कशी सुचली नाही! एरवी त्या पाण्यात गुरं उतरायची, धुणी व्हायची, म्हणून पिण्याला कोणी ते घेत नसे. पण आता गुरंही बांधलेली आणि धुणीही घरात. पाणी कसं लखलखत होतं. पारूनं पोरीला खाली ठेवलं, हंडा विसळला, भरला. मग ओंजळीनं आधी सोनीला पाजलं आणि स्वतः प्याली. ओल्या हातानं तोंड पुसत म्हणाली, "गोड हाय गो मावशे. तुमचे लाल पान्यापरीस बरा." आणि हंडा डोक्यावर ठेवून, हात हलवत निघून गेली. सासूबाई दिवसभर खुशीत होत्या. रात्री जेवताना त्यांनी ती गोष्ट ह्यांना सांगितली. ह्यांनीही मान हलवली. "बरं सुचलं तुला, आई," एवढंच म्हणाले.

पुढचे दोन-तीन दिवस कोळणी पलीकडे येऊन ओढ्याचं पाणी नेताना दिसायच्या. मी हात हलवायची, पारू हात हलवायची. मग त्या कमी झाल्या. मग कोणी येईना. मला वाटलं, रुसली असेल. आपण नाही का रुसत? रोज ज्या विहिरीवर हक्कानं पोहरा टाकायचा तिच्यावरून कोणी हाकललं तर मीही गेले नसते. ओसरीवर कोणीतरी म्हणालं, "सुंठीवाचून खोकला गेला. आता पहाऱ्याचंही काम नाही." सगळे मोठ्यानं हसले. खाडीच्या अंगाला धूर दिसायचा. काहीतरी जाळत असतील, असं आम्ही म्हणायचो आणि कामाला लागायचो. नवरात्र होतं, घट बसलेला, झेंडूच्या माळा, फुलांचा वास घरभर. आमच्या गावात एकालाही काही झालं नाही. एकालाही नाही!

दिवाळीच्या तोंडाशी हुकूम उठला. गावानं फळ्या पुन्हा ठोकल्या, नव्याकोऱ्या, आणि देवीची ओटी भरली. पाटलांनी नारळ फोडला आणि सांगितलं की आपण वेळेवर साकव तोडला म्हणून गाव वाचलं. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. बाजार भरला तेव्हा माणसं कोंडलेल्या वासरांसारखी दाराबाहेर धावली. जे खर्चायचं राहिलं होतं ते एका दिवसात खर्चून आली. मी ह्यांच्या मागे लागून रेवदंड्याला गेले, कासाराकडून स्वतःला बांगड्या भरल्या आणि सोनीच्या मापाच्या लाल बांगड्या रुमालात बांधून आणल्या. माप मला पाठ होतं. पोरीनं मनगट किती वेळा दाखवलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मी आणि सासूबाई होतो. साकवावर पावलं वाजली. मी पारूच समजून वळले, रुमाल कमरेलाच होता. पण ती पारू नव्हती. तिची सासू होती. वाकलेली म्हातारी, जिला मी एरवी कोळीवाड्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं. पाटीत थोडी कोळंबी होती. तिनं रीतीप्रमाणे ओंजळभर काढून विहिरीच्या काठावर ठेवली. पाण्याची मासळी. आणि मग पाटीतून एक लहानशी कळशी काढली.

सासूबाई आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी आलात गो! आणि एवढीशी कळशी घेऊन? हंडा कुठाय पारूचा?"

"हंडा घरान हाय," म्हातारी म्हणाली. "हंडा आता कोनासाठी बाय? पिनारी मी येकली."

आम्हाला कळेना. ती अगदी साध्या आवाजात सांगत गेली. आधी पोर गेली, त्याच दिवशी पारू गेली, मग म्हातारीचा लेक, पारूचा नवरा. शेजारचंही तसंच. कोळीवाड्यातली निम्मी दारं बंद होती. "मना दात न्हाय, मी उकलत्या पेजंवरच व्हते," ती म्हणाली, "मना कायपन झाला न्हाय." आपण वाचलो याची तिला लाज वाटत असावी, असा तो आवाज होता.

मी मूर्खासारखं विचारलं, "पण तुमच्याकडे आली कशी पटकी? तुम्ही तर कुठेच गेला नव्हता."

"कुठंच न्हाय गेलो गो," ती म्हणाली. "बाजार न्हाय, मासली इकाया न्हाय. घरानच व्हतो. तुमी सांगितला तो पानी पीत व्हतो, बस."

ती सासूबाईंकडे बघतही नव्हती. ती आरोप करत नव्हती. उलट आमचे उपकार सांगावेत तसं सांगत होती.

मी विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. सासूबाईंच्या हातात पोहरा तसाच, दोर ओला, आणि त्या ओढ्याच्या दिशेनं बघत होत्या. ओढा तसाच वाहत होता, तितकाच नितळ, तळाचे गोटे दिसत होते. आजही मला तो धक्का जसाच्या तसा आठवतो. रोग असा दिसावा! त्याला रंग नसावा, वास नसावा! ज्या लाल पाण्याला आम्ही नाकं मुरडली त्यानं आम्हाला जगवलं, आणि ज्या पाण्याकडे बघून आम्ही हसलो त्यानं ते घर बुडवलं.

पुढे हे डोंगरावरच्या वाडीत गेले होते. तिथल्या लोकांनाही खाली उतरायची बंदी होती, धुण्यासाठी खालच्या तळ्यावर येता येत नव्हतं. म्हणून त्यांनी आजाऱ्यांच्या गोधड्या याच ओढ्याच्या वरच्या अंगाला धुतल्या होत्या. वाहतं पाणी, त्याला काय दोष, हे त्यांनाही लहानपणापासून शिकवलेलं होतं. ते शास्त्र आमचं आणि त्यांचं एकच. घरी आल्यावर हे ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. माणसं अडवली, फळ्या काढल्या. ओढा मात्र खालून जात होता."

आता हातोडीचा आवाज थांबला आहे. सासूबाईंना मी सांगून आले की फळ्या सगळ्या घालून झाल्या. त्यांनी मान हलवली, भिंतीकडे तोंड केलं. तो शब्द, वाहतं पाणी, त्यांच्या तोंडून त्यानंतर मी ऐकलेला नाही.

त्या सकाळचं एवढंच सांगायचं राहिलं. सासूबाईंनी तेव्हा स्वतः पोहरा सोडला, स्वतः पाणी शेंदलं आणि म्हातारीची कळशी काठोकाठ भरून दिली. सोवळ्यातल्या माझ्या सासूबाईंनी ती स्वतःच्या हातांनी उचलून तिच्या डोक्यावर चढवली. म्हातारीनं खाली चुंबळ ठेवली होती, जुन्या लुगड्याची, जाडजूड. मी ती ओळखली. चुंबळ हंड्याच्या मापाची होती. तिच्यावर ती कळशी बसेना, नुसती डुगडुगत राहिली. म्हातारीनं वर एक हात नेऊन ती घट्ट धरली, आणि तशीच, हात न सोडता, नव्या फळ्यांवरून पलीकडे गेली.